कफ्र शलबीचा अर्ज

"पेन ठेव खाली!" उस्ताद वगीहनं डाळ-भाताची कोशरी विकणाऱ्या दसूकीला दम भरला. "तुझी सही म्हणजे सांडलेली डाळ. अंगठा उठव आणि चालू पड."

"लिहिता येतं की मला, उस्ताद. तुम्हीच तर शिकवलंत."

"त्याचीच लाज वाटते."

नाव वगीहनं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं. दसूकीनं शाईत अंगठा बुडवला.

कफ्र शलबीचं सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे एक कोंदट खोली. निम्मी पुस्तकं खोक्यांत, त्यांना वाळवी लागलेली. शेजारचं सरकारी दालन रिकामं होतं. हजार रहिवाशांनी मागणी केली तर ते मिळेल, असं कैरोहून कळलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वगीहचा सगळा दिवस त्या खोलीत जाई. ती पुस्तकं गेली, तर त्याला जगायला दुसरं कारण नव्हतं.

पण ज्यांच्या सह्या हव्यात, त्या माणसांची त्याला शिसारी येई. "वाचणारा मी एकटा," तो म्हणे. "बाकी सगळी खोगीरभरती."

औषधाच्या दुकानातली डॉक्टर नवाल आली. तिनं पेन उघडलं.

"डॉक्टरांचं अक्षर? नको गं बाई, कैरोतल्या साहेबांना झीट येईल. अंगठा."

"उस्ताद, मी विद्यापीठात पहिली आले होते."

"अक्षरात नाही ना?"

नवालनं ओठ चावला. "पुस्तकांसाठी म्हणून," ती म्हणाली आणि तिनंही अंगठा टेकवला.

आठवडाभरात एक हजार चाळीस अंगठे झाले. कुठे खाडाखोड नाही, डाग नाही. असा देखणा अर्ज कैरोनं पाहिला नसेल, अशी वगीहची खात्री होती.

महिन्यानं उत्तर आलं. कहवाखान्यापुढे खुर्चीवर चढून त्यानं ते वाचायला घेतलं.

"'दालन मंजूर!'"

बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या. दसूकीनं तर परात वाजवली.

"'एकालाही सही करता येत नसताना गावानं दाखवलेली तळमळ पाहून...'" वगीह खुर्चीवरून खाली उतरला.

नवालनं कागद त्याच्या हातातून घेतला आणि पुढे वाचू लागली. "'सबब दोन्ही खोल्यांत प्रौढ साक्षरता वर्ग सुरू करावा. पुस्तकं वाचकवर्ग असलेल्या गावी हलवावीत. अर्ज लिहिणारे गावातले एकमेव साक्षर गृहस्थ वर्गाला शिकवतील.'"

शनिवारी बाहेर ट्रकमध्ये खोकी चढत होती. आत वर्ग खच्चून भरला होता. पहिल्या बाकावर दसूकीशेजारी बसलेल्या डॉक्टर नवालनं कोरी वही उघडली.

"हं, उस्ताद," ती म्हणाली, "अलिफपासून घ्या."