सासऱ्यांचं कुलूप

लांब दांड्याची कातर कुलपावर टेकवून फोरमन थांबला. तिला म्हणाला, "आधी घरी फोन लाव. सासरे घरी असतील तर तोडू."

कारखान्यातल्या खोलीएवढ्या मिक्सरच्या मेन स्विचला लाल कुलूप लटकत होतं आणि त्यावरच्या पट्टीवर तिच्या सासऱ्यांचं नाव होतं. मशीनच्या पोटात शिरायचं तर वीज बंद करून स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा कारखान्याचा नियम. कुलूप आहे तोवर माणूस आत आहे. या नियमापायी सासऱ्यांनी भल्याभल्या फिटरना फैलावर घेतलं होतं. आज तेच कुलूप विसरून घरी गेले, हे काही तिच्या गळी उतरेना.

सकाळची पाळी सुटली होती. सासरे आणि नवरा दोघेही त्याच पाळीतले फिटर. ती दुपारच्या पाळीला मिक्सर चालवायला आली, तेव्हा बाकी सगळे फिटर निघून गेले होते. फोरमनने मिक्सरच्या तोंडाशी वाकून हाका मारून पाहिल्या. शेजारच्या क्रशरच्या खडखडाटात त्या त्याच्या त्यालाही ऐकू गेल्या नसतील. आतल्या पात्यांआड काय आहे, ते तोंडातून दिसत नव्हतं. इकडे ऑफिसातून फोनवर फोन येत होते, मशीन का बंद आहे म्हणून. फोरमन काय, स्विच वर करून मोकळा होणार. बटण दाबायचं होतं ते तिला.

सासऱ्यांनी फोन उचलला. मागे टीव्ही चालू होता.

"बाबा, तुम्ही मिक्सरमध्ये नाही ना?"

"मिक्सरमध्ये? अगं, मी घरी चहा पितोय."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने फोरमनकडे पाहून मान डोलावली आणि कुलूप कट्कन तुटून खाली पडलं. फोरमनने स्विच वर केला. हिरवा दिवा लागला. तिने बटणावर बोट ठेवलं, पण मनातली पाल काही गप्प बसेना. फोन अजून कानालाच होता.

"बाबा, पण तुम्ही कुलूप विसरलात कसे?"

"मी कशाला विसरतोय? मी आज लावलंच नाही." मग ते थांबले. पुन्हा बोलले तेव्हा आवाज पार उतरला होता. "पोराला त्याचं सापडत नव्हतं. मला आज आत शिरायचं नव्हतं, म्हणून माझं दिलं त्याला. तो अजून घरी आला नाहीये."

बोट बटणावरून निघेना. जोराने निघालं तर दाबलं जाईल, अशी भीती तिला वाटली. तिने दुसऱ्या हाताने ते बोट धरून अलगद उचललं, धावत जाऊन स्विच खाली ओढला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. फोरमनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

थोड्या वेळाने मिक्सरच्या तोंडातून आधी बूट बाहेर आले, मग ग्रीसने माखलेला तिचा नवरा. त्याने कानातले बोळे काढले आणि जमिनीवरचे तुकडे पाहून कपाळाला हात लावला.

"बाबांचं कुलूप कुणी तोडलं? आता ओरडतील ना ते मला."