सरांचं ऑपरेशन

पडद्यावर दोन रेषा होत्या. एक ऑपरेशन झालेल्या रुग्णांची, दुसरी नुसता व्यायाम केलेल्यांची. वर्षाच्या शेवटी दोन्ही एकमेकींना चिकटल्या होत्या.

"म्हणजे या दुखण्यात खांद्याचं हाड तासून रुग्णाला जास्तीचं काहीच मिळत नाही," ती म्हणाली.

सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. हाड तासायची ती पद्धत तिच्या सासऱ्यांनी बसवलेली होती आणि ते पहिल्याच रांगेत बसले होते. मागचे निम्मे सर्जन त्यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांच्यात ते 'सरांचं ऑपरेशन' म्हणूनच ओळखलं जायचं.

"घरच्याच माणसानं नाक कापलं," कुणीतरी पुटपुटलं. तिला ते नेमकं ऐकू आलं.

तिच्याही मनात तेच सलत होतं. अभ्यास सुरू केला तेव्हा एकही सर्जन रुग्ण द्यायला तयार नव्हता. कुणावर ऑपरेशन करायचं आणि कुणाला व्यायाम द्यायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं म्हटल्यावर सगळे हसले होते. सासरे हसले नाहीत, शाबासकीही दिली नाही. मुकाट्यानं आपले रुग्ण समजावून तिच्याकडे पाठवू लागले. स्वतःच्या हातावर केवढा हा विश्वास, असं तिला वाटलं होतं. आणि त्या विश्वासाचं तिनं हे असं केलं.

सकाळी चहा देताना तिनं विचारलंही होतं, "बाबा, निकाल आधी घरी बघता का?"

"नको. सगळ्यांबरोबर ऐकतो. सुनेचा वशिला लावला म्हणतील."

आता ते उठले. श्रोत्यांसाठी ठेवलेला माइक हातात घेतला.

"तपासणाऱ्याला माहीत होतं का, कुणाचं ऑपरेशन झालंय ते?"

"नाही, बाबा... सर. सगळ्यांना सदरा घालूनच तपासलं. टाके कुणाचेच दिसत नव्हते."

"व्यायाम अर्धवट सोडून किती गेले?"

"अगदी थोडे."

"मग पळवाट नाही," ते म्हणाले आणि सभागृहाकडे वळले.

"माझ्याकडे एक रंगारी बाई यायच्या. छत रंगवून रंगवून खांदा धरलेला. आमचं ऑपरेशनचं यंत्र बिघडलं म्हणून त्यांची तारीख सारखी पुढे जात राहिली. तोवर त्यांनी व्यायाम केला. शेवटी आल्या, हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवला आणि म्हणाल्या, डॉक्टर, आता कशाला कापता? तेव्हापासून मला शंका होती. पण विचारायची छाती झाली नाही. ऑपरेशनला नाव माझं होतं ना!"

त्यांनी मंचावर उभ्या असलेल्या तिच्याकडे हात केला.

"ही लग्न होऊन घरी आली आणि एकदा जेवताना म्हणाली, बाबा, हे कधी तपासून पाहिलंय का? मी त्याच दिवशी ठरवलं, माझे रुग्ण हिलाच द्यायचे."

ती माइकला धरून उभी होती. पुढचं काहीच दिसेना तिला.

"पण सर, मग आता तुमच्या ऑपरेशनचं काय?" मागून एका विद्यार्थ्यानं विचारलं.

"ते आजपासून बंद," ते म्हणाले. "आणि यापुढे कुठं माझी ओळख करून द्यायची वेळ आली, तर एवढंच सांगा, हे हिचे सासरे."