हेडसिस्टरची राउंड

रिटायर झाल्यावर हेडसिस्टरने ठरवलं होतं, सकाळी आरामात उठायचं, नवऱ्याच्या हातचा चहा प्यायचा आणि वॉर्डाचं नावही काढायचं नाही. पण धाकट्या सिस्टरचे फोन थांबेनात.

"ताई, आज राउंडला फारच रागावलात हो."

"अगं, मी घरी बसलेय! कुठली राउंड?"

"असं काय करता? आत्ताच तर घेतलीत."

शेवटी तिच्या डोक्यात तिडीक गेली. जन्मभर तिथे पाय झिजवले मी, आणि आता माझ्या नावावर मिरवतंय कोण? भरदुपारी ती तरातरा वॉर्डात शिरली.

धाकटी गोंधळली. "ताई, युनिफॉर्म कधी बदललात? तुम्ही तर तिकडे होतात."

खिडकीजवळच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. त्याखाली पांढरे बूट दिसत होते.

"बाहेर ये! लाज नाही वाटत?" हेडसिस्टर कडाडली.

बूट जागचे हलले नाहीत. मग पडद्यामागून आवाज आला. आवाज तिचाच होता, फक्त फार समजूतदार.

"यांना कुणीतरी घरी सोडून या गं. रिटायर झाल्यापासून बिचाऱ्या रोज येतात."

धाकटीने हलकेच तिचा दंड धरला.

"चला, आजी," ती म्हणाली.