ताटलीतलं पाणी

गवार ढवळायला म्हणून मी कढईवरची ताटली उचलली आणि तिच्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं.

आत्या मोरीकडे बघत राहिली. “तेच गरम पाणी भाजीत घालायचं असतं गं,” एवढंच म्हणाली आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी तिनं कढईत घातलं. गावात टँकर परवा येणार होता.

जेवताना तिच्या ताटाशी तांब्या नव्हता. “मला नाही लागत पाणी जेवताना,” ती म्हणाली. सकाळी तर भाकरीबरोबर दोन पेले प्यायली होती.

हात धुऊन आले, तर माझ्या पेल्यात उरलेलं घोटभर पाणी आत्या पीत होती.

“आत्या, उष्टं आहे ते.”

तिनं पेला पटकन पदराआड घेतला, जणू पाणी मी नव्हे, तिनंच ओतून दिलं होतं.