तिसरं ठिगळ

डोणगावहून मेहकरला निघालेल्या तुळशीरामच्या सायकलची हवा तिसऱ्यांदा गेली. कॅरिअरवरून बायको उतरली. अकराला तिची सातवीची परीक्षा होती. त्या काळी सातवी पास झालं की मास्तरकी मिळे; पास झाली तर ती मास्तरीण होणार होती. “दुकानात काऊन नाही नेली?” ती रडकुंडीला आली. “मले जमते ना,” म्हणत त्यानं ट्यूब काढली. छिद्र पुन्हा त्याच जागी होतं. ठिगळ एकच उरलं होतं. टायरमध्ये बोट फिरवताच ती किंचाळली. बाभळीचा काटा तसाच रुतलेला होता. “अवो, काटा आत ठिवून दोनदा ठिगळ लावलं तुमी?” ओशाळून त्यानं काटा उपटून ठिगळ चिकटवलं. घंटा वाजता वाजता ती वर्गात पोचली. दुपारी हसत बाहेर आली. “सारं आलं मले.” त्याचा जीव भांड्यात पडला. कॅरिअरवर बसताना तिनं विचारलं, “ब्रेक कोनं बसवले?” “मीच.” ती उतरली. “मग उतारावर पायीच जाऊ.”