बाराशे चौदा बदल

सर्वेक्षणाचं जहाज बंदराला लागलं तेव्हा ऋजुताच्या फोनवर घरचे बाराशे चौदा बदल साठले होते. एकोणीस दिवस समुद्रात नेटवर्क नव्हतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. घरातल्या माणसांची आणि वस्तूंची खबर कळवणारी सेवा प्रत्येक बदल क्रमानेच देई. एकाची पोच दिल्याशिवाय पुढचा येत नसे.

फ्रिज: दूध संपले. पोच. बाबा: वजन एकसष्ट. पोच. तिचा अंगठा थांबत नव्हता.

“अगं, सरळ फोन लाव की,” सहकारी तांडेल म्हणाला.

“आणि काय विचारू, तब्येत कशी आहे? बदल मिळत असताना असं कोणी विचारतं का? बाबांना वाटेल, लेकीने आपले बदल घेणंच बंद केलं.”

“वाटू दे! संध्याकाळपर्यंत हेच करत बसणार आहेस?”

बाबा: भूल दिली. तिने घाईघाईने पोच दिली. फ्रिज: दार उघडे.

तिने फोन लावला. सहाव्या रिंगला तो उचलला गेला.

“बाबा, कसे आहात?”

हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता.

“थांब हं,” बाबा म्हणाले, “खुर्ची ओढून घेतो. नीट सांगतो.”