गोळीमुक्त

“काही म्हणजे काही घेत नाही ती,” कमळाकर छाती काढून म्हणाला. “गुरुवारपासून एक गोळी पोटात गेलेली नाही. विचारा तिलाच.”

विचारणार कुणाला, कपाळ! त्याची बायको संध्या अंबरनाथ पूर्वेच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये खाटेवर निपचित पडली होती. पहाटेपासून उलट्या, अंगाला दरदरून घाम, आणि प्रेशर इतकं खाली की सिस्टरने मशीन पुन्हा लावून पाहिलं. बदलापूरच्या कात्रपहून रिक्षात घालून आणताना शेजारच्या कुंदाताईंनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. हे महाशय पुढे ड्रायव्हरशेजारी बसून मोबाईलवर कुणाला तरी सांगत होते, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.

डॉक्टर नीलिमांनी संध्याचा सुजून गोल झालेला चेहरा पाहिला, दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले, वाकड्या बोटांवरून हात फिरवला.

“संधिवात कधीपासून?”

“झाली बरीच वर्षं. पण आता—”

“गुरुवारच्या आधी काय घेत होत्या?”

“स्टेरॉईड,” कुंदाताई मागून म्हणाल्या. “रोज सकाळी. त्याशिवाय बिचारीला कपबशीसुद्धा उचलवत नाही.”

बाईने चारचौघांत शिवी दिल्यासारखं कमळाकरने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने समजवायला घेतलं. डॉक्टरला! कात्रपच्या मैदानात शिबिर झालं, ‘गोळीमुक्त बदलापूर’. गुरुजींनी सांगितलं, शरीर हाच वैद्य. एकेकाने स्टेजवर यायचं, आपल्या गोळ्या बादलीत टाकायच्या, दुधीचा रस प्यायचा, की टाळ्या. संध्या पायऱ्यांशीच अडली होती. तिला दंडाला धरून वर कुणी नेलं? यांनीच. मग बादली पुढे कुणी केली? तीही यांनीच. ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला अजून शर्टावर मिरवत होता, इथे, दवाखान्यात.

“अहो, ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीर स्वतःचं तसलं रसायन बनवणं सोडून देतं,” नीलिमा सलाईनच्या नळीत इंजेक्शन देत म्हणाल्या. “आजारपण, ताण, काहीही आलं की त्याच्याच जोरावर माणूस उभा राहतो. कमी करायची तर हळूहळू, आमच्या देखरेखीखाली. एकदम बंद केली की हे असं होतं. अजून उशीर केला असतात तर बाई गेली असती.”

“पण सकाळी आखडते आणि दुपारी बरी होते हो! म्हणजे अर्धं मनाचंच ना?”

नीलिमा पुन्हा प्रेशरच्या मशीनकडे वळल्या. उत्तर देण्याच्या लायकीचं समोर काही दिसलं नसावं.

बऱ्याच वेळाने संध्याचं प्रेशर वर सरकलं. ओठांना रंग आला, डोळे उघडले, तशा कुंदाताई पदराने डोळे पुसायला लागल्या. कमळाकरनेही सुस्कारा टाकला आणि खिशात हात घातला. आतून गोळ्यांचं पाकीट निघालं.

“सिस्टर, जरा पाणी द्या ना. प्रेशरची आहे. सकाळच्या धावपळीत राहूनच गेली.”

“अगोबाई, तुमची नाही टाकलीत बादलीत?” कुंदाताईंनी विचारलं.

“ही चुकवून चालत नाही हो. एकदम सोडली तर डोकं गरगरतं.”

सिस्टरने ग्लास आणून दिला. त्याने गोळी सोडवून चिमटीत धरली. तेवढ्यात संध्याने सलाईन नसलेला हात उचलला आणि वाकडी बोटं उघडतील तेवढी उघडून तळवा त्याच्यापुढे धरला.

“टाका की यात,” ती म्हणाली. “टाळ्या मी वाजवते.”